अप्पांची माशी

अप्पा, सगळ्यात आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे, कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं याचा मला कधी मेळ लागला नाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन धरलं ते तुमच्याच घरी, कपाटातल्या खड्यांच्या चिठ्ठ्या लिहायला. मी नको नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "अगं, वाकडं आलं तर येऊ दे की. ह्या घरातली चित्रं तरी कुठं सरळ हायत?"

हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पोराच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. लिहून झालं की पत्र्याच्या पेटीत तळाला ठेवणार आहे.

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. अजून माणसं भेटायला येतात. मी चहा देते आणि आत जाते. बाहेर तुमच्या गुळाच्या पेढीबद्दल बोलणं चालतं, कुठल्या कमिटीत होता, कुठं सत्कार झाला. मला त्यातलं काही माहीत नाही. मला माहीत असलेले अप्पा सकाळी साडेसात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात, एवढेच. तेवढ्यातलंच लिहिते.

तुमच्याकडं धुण्याभांड्याला लागले तेव्हा माझा थोरला पहिलीत होता. पहिल्या दिवशी बाहेरची खोली झाडायला गेले आणि तिथंच थबकले. चारी भिंतींवर चित्रं, आणि एकातही देव नाही, बाई नाही, बैल नाही. एकात नुसते काळे पट्टे. एकात लाल रंग ओतलेला. मला वाटलं रंगारी काम अर्धं टाकून गेलाय. मागून अक्का आल्या. त्या म्हणाल्या, "भिंतीकडं बघू नको बाई, फरशीकडं बघ. मी लग्न झाल्यापासनं तेच करतीया." तुम्ही आतून ओरडलात, "ऐकू येतंय बरं का!" त्यावर अक्का कानडीत काहीतरी बोलल्या. तुम्ही दोघं भांडण कानडीत करायचात, मला कळू नये म्हणून. मला दोन वर्षांत सगळं कळायला लागलं होतं. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं.

मी कुणासमोर बोलायची नाही. तुमच्याकडं पाहुणा आला की मी दाराआड. तुम्ही मुद्दाम हाक मारायचात. त्या दिवशी पेंटर आले होते. त्यांना सगळी पेठ पेंटरच म्हणायची. तुमचे शाळेपासूनचे दोस्त, ढगळ सदरा, दाढीत रंग. भिंतीवरचं मोठं निळं चित्र त्यांचंच, तुमच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून दिलेलं. तुम्ही विचारलंत, "हौसा, ह्या निळ्यात तुला काय दिसतंय?" मी पदर तोंडाला लावून उभी. पेंटर म्हणाले, "सोड रं तिला. मुंबईच्या लोकांना कळंना झालंय, तिला काय कळणार?" मला राग आला असावा. मी म्हणून गेले, "ओला परकर वाळत घातल्यावाणी दिसतंय. खाली पाणी ठिबकतंय."

पेंटर उठून चित्राजवळ गेले आणि कितीतरी वेळ खालचा कोपरा बघत राहिले. म्हणाले, "आयला, ठिबकतंय की खरंच."

त्या दिवसापासून झाडू हातात असतानाच तुम्ही मला विचारायचात, आज कुठलं चित्र बरं वाटतंय. माझ्या उभ्या जन्मात मला कुणी असलं काही विचारलं नव्हतं. माणसं मला विचारायची ती कामाचं, भांडी झाली का, दूध उतू गेलं का. मी घरी जाताना रस्त्यात उद्याचं उत्तर जुळवत जायची.

मग तुमचं ते दुसरं वेड. काचेच्या कपाटातले पिवळे खडे. तुम्ही त्याला अंबर म्हणायचात. मला वाटलं हिरेमाणकं असतील म्हणून हात लावायला भ्यायची. तुम्ही एक माझ्या तळहातावर ठेवलात. हलका, पिसासारखा, आणि ऊन लागलं तसा उबदार. म्हणालात, "झाडाचा चीक हाय हा. कोट्यवधी वर्षांपूर्वी खोडावरनं ओघळला, जमिनीत गाडला गेला आणि असा घट्ट झाला. आत बघ." आत एक मुंगी होती. पाय दुमडलेली, मिशा दिसत होत्या.

मी म्हणाले, "असल्या मुंग्या आमच्या धुपात पण असत्यात."

तुम्ही खुर्चीवरनं उठलातच. "कुठल्या धुपात?"

माझं माहेर शाहूवाडीच्या डोंगरात. तिथं जंगलात धुपाची झाडं आहेत. माझे आबा खोडाला खाच पाडून यायचे आणि महिन्याभरानं जाऊन घट्ट झालेला चीक काढून आणायचे. निखाऱ्यावर टाकला की घरभर वास. हे मी सांगत होते आणि तुम्ही लहान पोरासारखे ऐकत होता. पुढच्या खेपेला मी माहेराहून फडक्यात बांधून धूप आणला. त्यातला मुंगी असलेला एक गोळा तुम्ही कपाटात ठेवलात, त्या महागाच्या खड्यांच्या शेजारी. आणि माझ्याकडूनच चिठ्ठी लिहून घेतलीत: धूप, शाहूवाडी, हौसाबाईनी दिला. बाकीचा धूप अक्कांनी देवघरात ठेवला.

नवीन खडा आला की तुम्ही स्वयंपाकघरात यायचात. "हौसा, वाडग्यात पाणी घे आणि मूठभर मीठ टाक. विरघळायचं थांबंपर्यंत टाकत ऱ्हा." अक्का कपाळाला हात लावायच्या. खरा अंबर मिठाच्या पाण्यात तरंगतो, काच बुडते. पण प्लॅस्टिकचाही एखादा तरंगतो. मग तुम्ही सुई तापवून खड्याला कोपऱ्यात टोचायचात आणि तो माझ्या नाकाशी धरायचात. "हं, कसला वास?" खऱ्याला जंगलाचा वास येतो, खोट्याला जळक्या कंगव्याचा. दोनदा खोटे निघाले तेव्हा मीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणायचात, "माझ्या नाकाला गुळाची सवय लागलीया, तुझं नाक चांगलं हाय."

एक वाद आपला कधी मिटला नाही. तुम्ही त्या मुंगीला अमर म्हणायचात. मी म्हणायची, अमर कसली, अडकली ती अडकली. गोडाच्या वासानं गेली आणि पाय चिकटले. तुम्ही म्हणायचात, राजे गेले, राज्यं गेली, मुंगी हाय का न्हाय? मी म्हणायची, तिला विचारा. तुम्ही हसायचात. पण दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी मुद्दा घेऊन यायचात. मला अजूनही वाटतं, अडकलीच ती. आता बोलायला समोर कुणी नाही म्हणून माझंच खरं ठरलं, असं मला नको आहे.

आता माशीचं लिहिते. त्यासाठीच वही काढली.

मुंबईच्या कुठल्या प्रदर्शनात तुम्हाला तो गोड बोलणारा माणूस भेटला. पुढं तो खडा घेऊन घरी आला. सुपारीएवढा, काकवीसारखा लालसर पिवळा, आणि मधोमध एक बारीक माशी, दोन्ही पंख पसरलेली. जणू आत्ता उडेल. असली अख्खी माशी जगात थोडी, असं तो म्हणाला. तुमचे डोळे मी बघितले अप्पा. तुम्ही म्हणालात, "आयुष्यभर काकवीतली माशी काढून फेकत आलो, आता विकत घ्यायची वेळ आली!" किंमत बारा हजार. तेवढे पैसे हातात नव्हते, कारण पेढी भावाकडं गेली होती आणि महिन्याला मोजके यायचे. तुम्ही निळं चित्र विकलंत.

अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. भिंतीवर चित्राच्या जागी पांढरा चौकोन राहिला. चार दिवसांनी पेंटर आले, चौकोन बघितला, आणि असा आवाज चढवला की खालच्या तालमीतली पोरं बाहेर आली.

"कुठं हाय माझं चित्र?"

"ऐकून तर घे की."

"लग्नातला आहेर विकलास व्हय रं? आणि घेतलंस काय? माशी! बारा हजाराची माशी! अरं, रंकाळ्यावर चल, फुकट देतो पाटीभर!"

तुम्ही काहीतरी समजावत होता. त्यांनी ऐकलं नाही. जिना उतरून गेले ते वर्षभर आले नाहीत. त्यांच्या हाकेची वाट बघत तुमचा संध्याकाळचा चहा तसाच गार व्हायचा. मी तो मोरीत ओतायची.

आणि एक मी बघून ठेवलं होतं. ती माशी तुम्ही मिठाच्या पाण्यात कधी घातली नाही. सुईही लावली नाही. मी एकदा विचारलं, "हिला न्हाय तरंगवायचं?" तुम्ही जरा चिडून म्हणालात, "हिला सर्टिफिकेट हाय, सोनेरी शिक्क्याचं."

वर्ष सरत आलं असताना एका संध्याकाळी तुमच्याकडं एक पाहुणे आले होते. त्यांना दाखवायला तुम्ही पितळी ताटलीत मी माहेराहून नव्यानं आणलेल्या धुपाचे तुकडे आणि तुमची माशी शेजारी शेजारी मांडली होती. हा ह्या वर्षीचा चीक, हा कोट्यवधी वर्षांचा. पाहुणे निघाले, तुम्ही बोलत बोलत त्यांच्याबरोबर खाली उतरलात आणि तसेच रंकाळ्याकडं गेलात. अक्का मठात गेलेल्या. तेवढ्यात लाईट गेली. दिवेलागण झाली होती. मी धुपाटण्यात निखारे घेतले, अंधारात ताटली दिसली, हातानं चाचपलं तर धुपाचे तुकडे. देवघरातला धूप संपला होता. मला वाटलं, तुम्ही तुमची माशी उचलून कपाटात ठेवली असणार, तुम्ही ती कधी उघड्यावर टाकायचाच नाहीत. मी ताटली धुपाटण्यावर पालथी केली.

आधी वास आला तो माझ्या माहेरचा. आबांचा. मी डोळे मिटून उभी राहिले. आणि मग दुसरा वास आला.

अप्पा, हे लिहायला मला आठ दिवस लागले. जळक्या कंगव्याचा वास आला. काळा धूर निघाला, निखाऱ्यावर काहीतरी वितळून पसरलं आणि उकळल्यासारखं बुडबुडलं. मला वाटलं धुपात काही घाण आली. चिमट्यानं तो गोळा काढला, खिडकीतून मागच्या गटारीत टाकला आणि खिडक्या उघडल्या. लाईट आली तेव्हा मी कपाटाकडं बघितलं. माशीची जागा रिकामी. खाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी.

मी तशीच घरी गेले. रात्री आमच्या मालकांना भाकरी वाढली आणि न जेवता पडून राहिले. ते म्हणाले, ताप आलाय का, मी व्हय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घर उलथंपालथं केलंत. गाद्या झटकल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला. तिसऱ्या दिवशी तुमचं आणि अक्कांचं कानडीत सुरू झालं. तुम्ही म्हणत होता, तुझ्याच डोळ्यांत खुपत होती ती माशी, चित्राचा राग काढलास, कुठं टाकलीस सांग. अक्का म्हणाल्या, "सुम्निरी!" म्हणजे गप्प बसा. मग रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी अक्कांना रडताना बघितलं नव्हतं. मी मोरीत भांडी घासत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि बाहेर आले.

"अप्पा, अक्कांनी न्हाय घेतली. मी जाळली."

मी सगळं सांगितलं. ताटली, लाईट, निखारे. कंगव्याचं तेवढं सांगितलं नाही, कारण मी तिथवर आले आणि तुम्ही हात वर केलात. मला वाटलं आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही खुर्चीत बसलात आणि अगदी हळू विचारलंत,

"वास कसला आला?"

तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही घाबरला होता. माशी गेली ह्याचं नव्हे. तुम्हाला माझ्या तोंडून काय ऐकायला मिळेल त्याचं भय होतं. तेव्हा मला कळलं, तुम्ही तिला मिठाच्या पाण्यात का घातली नव्हती. चित्र गेलं होतं, दोस्त गेला होता, बायकोशी अबोला झाला होता, आणि हे सगळं कशासाठी, ते माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. मी, जिला चारचौघांत तोंड उघडता येत नाही.

मी म्हणाले, "लई चांगला आला."

"म्हणजे कसा? नीट सांग."

मी आबांचं जंगल सांगितलं. पाऊस उघडल्यावर धुपाच्या झाडाखाली उभं राहिल्यावर जो येतो तो. ओल्या सालीचा, जरा लिंबासारखा, जरा कापरासारखा, आणि खाली कुजलेल्या पानांचा. म्हणाले, आमच्या धुपापेक्षा जुना वाटला. असा वास मी कधी घेतला नव्हता, म्हणून मी डोळे मिटून उभी राहिले.

तुम्ही पण डोळे मिटलेत. खूप वेळानं म्हणालात, "मग गेली ती चांगली गेली. इतक्या वर्षांनी सुटली बघ, तुझ्या हातनं. तूच म्हणायचीस ना, अडकलीया म्हणून." आणि अक्कांकडं वळून मराठीतच म्हणालात, "चुकलं माझं." अक्का दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, रागावल्यात.

पुढं काय काय झालं! गोष्ट पेठेत पसरली. पेंटरच्या कानावर गेली. एका सकाळी ते जिन्यावरूनच हसत वर आले, हसता हसता खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. "माझं चित्र धुपाटण्यात गेलं म्हण की! अरं, देवाला पोचलं! मुंबईच्या कुठल्या चित्राला हे नशीब?" तुम्हीही हसायला लागलात. तुम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसत होता. मग पेंटरनी मला समोर बसवलं आणि वास विचारला. मी पुन्हा सांगितला. पंधरा दिवसांनी ते एक चित्र घेऊन आले, हिरवट, तपकिरी, मध्ये एक पिवळा ओघळ. रिकाम्या चौकोनात लावलं. म्हणाले, "हे विकलंस तर बघ." मला त्यात काय दिसतं हे तुम्ही दोघांनी कधी विचारलं नाहीत, तुम्हाला वाटलं, ते मी सांगितलेल्या वासाचंच चित्र, त्यात विचारायचं काय. मला त्यात आबा दिसायचे, खाच पाडताना. रोज धूळ पुसताना दिसायचे.

पण तुम्ही त्या गोष्टीचं देवस्थान केलंत अप्पा. पुण्याचे पाहुणे आले, सांगलीचे आले, की "हौसा, ये गं, वास सांग." मी पदर घट्ट धरून सांगायची. सांगून सांगून माझी भीड थोडी मोडली हे खरं. आता मी पाहुण्यांसमोर चार वाक्यं बोलू शकते. ती चारही वाक्यं खोटी होती. घरी जाताना मला लाज वाटायची आणि तरीही पुढच्या वेळी मी एखादी नवीन गोष्ट घालायची, ओल्या मातीची, रानफुलाची, कारण तुम्ही ऐकताना असे खुलायचात.

आता पैशाचं. ज्या दिवशी मी कबूल केलं त्याच दिवशी म्हणाले होते, बारा हजार मी फेडणार. तुम्ही म्हणालात, "येडी का काय तू? तुझा महिन्याचा पगार सातशे." मी म्हणाले, महिन्याला शंभर कापा. तुम्ही नाही म्हणालात. मी दुसऱ्या दिवशी कामाला आले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आमच्या खोलीवर आलात. दारात उभे राहून म्हणालात, "ये बाई, घेतो शंभर. घरात चहा मिळंना झालाय." मालक तर उठून उभेच राहिले.

तुम्ही मग मला फसवायला बघितलंत. पगार वाढवलात. दिवाळीला जास्त दिलंत. मी दिवाळीचं दिवाळीला घेतलं, शंभराचं शंभराला दिलं. मध्येच म्हणायचात, "हौसा, पुरं झालं की गं, किती वर्षं?" मी म्हणायची, बाकी हाय. तुम्हाला वाटायचं बाई हट्टी आहे. होतेच. पण तुम्हाला न सांगितलेलं कारण असं की, शंभर रुपये बंद झाले असते तर माझी मीच कुठंतरी म्हणाले असते, जाऊ दे, प्लॅस्टिकच तर होतं. आणि एकदा मनात म्हटलं की ते तोंडावर यायला किती वेळ? तुमच्यासमोर मी फार दिवस टिकले नसते. दर महिन्याला शंभराची नोट तुमच्या हातात ठेवताना ती माशी महिनाभरापुरती पुन्हा खरी व्हायची. तुम्ही बारा हजार खरे दिले होते. तो माणूस खोटा होता म्हणून तुमचे रुपये खोटे ठरत नाहीत.

मी तुमच्याशी खोटं बोलले. साडेआठ वर्षं बोलले. त्याची माफी मागावी का, हे मला अजून ठरवता येत नाही. अक्षराची मागितली ती मनापासून. ह्याची मागायला गेले की तुमचा तो डोळे मिटलेला चेहरा आठवतो आणि हात थांबतो.

तुम्ही गेलात तेव्हा अठराशे बाकी होते. काल माझा भिशीचा नंबर लागला. मी संध्याकाळी गेले, अक्का एकट्याच होत्या, तुमच्या खुर्चीशेजारी पाटावर. मी नोटा त्यांच्यापुढं ठेवल्या.

"हे काय?"

"अप्पांचं ऱ्हायलेलं."

"उचल ते. ते गेले, हिशेब गेला."

"न्हाय अक्का. घ्या."

त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "हौसा, त्या दिवशी मी मठातनं आले तेव्हा जिन्यात तू न बघताच माझ्या बाजूनं उतरून गेलीस. मी वर आले. घरात वास हुता."

मी पदर तोंडाला लावला.

"कंगवा जळल्याचा," अक्का म्हणाल्या. "मला काय ठावं न्हाई व्हय तो वास? माझ्याच स्वयंपाकघरात सुया तापवत हुते ते. तू सांगितलंस तेव्हाच मला उमगलं."

"मग तुमी बोलला न्हाईसा?"

"तू बोललीस?"

अक्कांनी नोटा माझ्याकडं सरकवल्या. मग त्या म्हणाल्या, "दर महिन्याला तू पैसं दिलंस की माझा जीव गोळा व्हायचा. पण घेऊ नका म्हणाले असते तर त्यांनी इचारलं असतं, का म्हणून. आता इचारणारं कोण न्हाई. हे घेऊन जा. मागचं पण मी देते तुला. प्लॅस्टिकचं कसलं पैसं?"

मी म्हणाले, "अक्का, तुमी हे परत दिलासा तर माशी खोटी ठरती. मग तुमचं चित्र उगाच गेलं आणि अप्पा फसलं. माशी खरी हुती. बारा हजाराची हुती. मी जाळली, मी फेडली."

अक्का माझ्याकडं बघत राहिल्या, त्या दिवशी दारातून बघितलं होतं तशाच. मग त्यांनी डोळे पुसले, त्याच बोटांनी नोटा उचलल्या आणि पेढीवाल्यांच्या घरातल्या बाईनं मोजाव्यात तशा दोनदा मोजल्या.

"बरोबर हायत," त्या म्हणाल्या. "फिटलं बघ."

अप्पा, तुमचे बारा हजार फिटले.